निशाणी कंदील

आमच्या गावात मला तोंडावर दुकानवाली म्हणतात आणि पाठीमागे तापट दुकानवाली. दोन्ही खरं आहे. बोर्ली पंचतनहून रिक्षाने वीस मिनिटांवर, रस्ता समुद्राकडे वळतो तिथे, फणसाखाली माझं दुकान आहे. तांदूळ, डाळी, तेल, सुकट, अंडी, टोस्ट, पोरांच्या वेफर्सच्या पुड्या आणि हरिहरेश्वरला जाताना वाट चुकलेल्या पर्यटकांसाठी पाण्याच्या बाटल्या, एवढा माझा पसारा. दुकानाला लागूनच घर. घरात माणसं तीन: मी, माझे सासरे आणि नवरा. नवरा रोह्याच्या कारखान्यात कामाला. शनिवारी येतो, सोमवारी पहाटे जातो. म्हणजे खरं तर माणसं सव्वादोनच.

सासऱ्यांना सगळं गाव आबा म्हणतं, मीही आबाच म्हणते. दिघीहून खाडी ओलांडून आगरदांड्याला जाणाऱ्या लाँचवर तिकिटं फाडण्यात त्यांची उभी हयात गेली. सख्ख्या मेहुण्यालाही त्यांनी कधी फुकट नेलं नाही, आणि त्यावरून सासूबाई आठ दिवस त्यांच्याशी बोलल्या नव्हत्या. पण विनातिकीट माणूस सापडला म्हणून आबा कुणावर ओरडलेत असं कधी झालं नाही. ते गपचूप तिकीट फाडायचे, पैसे घ्यायचे आणि त्या माणसाला पलीकडचा धक्का येईपर्यंत आपल्या शेजारी बाकावर बसवून घ्यायचे. असं का, म्हणून मी एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, "बाकीची सगळी बघत असतात ना. एकटा उभा ऱ्हायला तर जास्त लाज वाटते."

माझ्या स्वभावात हे बसणं कठीण होतं. मी असते तर त्याला खाडीत ढकललं असतं.

तर अशा या आबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला. जन्मभर ज्यांनी लाँचवर चढणारा प्रत्येक चेहरा ओळखला, ते आता समोर उभ्या माणसाला "कोण?" म्हणून विचारायला लागले. एकदा संध्याकाळी भाकरी खाता खाता म्हणाले, "बाय, बाकी सगळं चालंल. पण घरच्या माणसाला कोण म्हणून विचारायला लागतं ना, त्याची लई लाज वाटते." मी लगेच नवऱ्याला फोन केला आणि अलिबागच्या डोळ्यांच्या दवाखान्यात तारीख घेतली.

पण आबांना मधुमेह आहे. रक्तातली साखर खाली आल्याशिवाय ऑपरेशन करता येणार नाही, असं सांगून डॉक्टरांनी पहिल्यांदा परत पाठवलं. औषधं वाढवून दिली आणि गोड बंद करा म्हणाले. मी घरी येऊन साखरेचा डबा घासून, पुसून, उन्हात उलटा टाकला. दुकानात साखरेची गोणी होती, पण घरात कण ठेवला नाही. चहा करायचा तो काळ्या गुळाचा. नाचणीची खीर, तांदळाची घावनं, त्याबरोबर नारळाचा रस, सगळं घरचं आणि ताजं. येणाऱ्या-जाणाऱ्याला मी अभिमानाने सांगायची, आमच्याकडे साखर घरात येत नाही म्हणून.

त्याच सुमारास दुकानात एक मॅडम आल्या. तिशीच्या असतील, पनवेलहून आलेल्या, डोक्यावर हेल्मेट आणि पाठीवर भलीमोठी सॅक. गावातल्या लहान दुकानांतून माणसं खायला काय काय नेतात याचा अभ्यास करणाऱ्या एका संस्थेचं काम त्या करत होत्या. त्यांनी मला एक मोबाइल दिला. त्यात चित्रं होती. तांदळाचं चित्र, डाळीचं चित्र, अंड्याचं, टोस्टचं, अशी ओळीने. गिऱ्हाइकाने जे नेलं त्या चित्रावर बोट ठेवायचं, मग ज्याच्या घरी गेलं त्या घरावर बोट ठेवायचं, की टिंग करून आवाज येणार आणि नोंद होणार. लिहायचं काहीच नाही.

घराघरांची नावं मात्र मोबाइलमध्ये घालायची नव्हती. कुणाच्या पोटात काय जातं हे नावानिशी कुणाला कळता कामा नये, असा त्यांचा नियम होता. म्हणून प्रत्येक घराला एक निशाणी. चिठ्ठ्या टाकून ज्याने त्याने आपली निशाणी उचलायची, कुणाची कोणती त्याची यादी फक्त माझ्या गल्ल्यात राहणार, मॅडमनासुद्धा ती दिसणार नाही. नियम छान होता. फक्त चिठ्ठ्या उचलायचं काम त्यांनी दुकानासमोर सगळ्यांदेखत ठेवलं, आणि आमच्या गावात आपली निशाणी काय आली हे पोटात ठेवणारं माणूस अजून जन्माला यायचंय. मॅडम गेल्या आणि अर्ध्या तासात सगळ्या गावाला सगळ्यांच्या निशाण्या पाठ झाल्या. एकाला होडी, एकाला नारळ, एकाला बैलगाडी. आमच्या घराला कंदील आला. आणि समोरच्या मोहल्ल्यातल्या चाचीला आला बेडूक.

चाचीचा नवरा कुवेतला असतो. दिवसातून तीनदा तरी ती दुकानात येते, एकदा सामानाला आणि दोनदा बोलायला. बेडूक बघून ती खवळली. "या अल्ला! लोकांस्नी होड्या आन् नारळ, आन् माज्या घरावर बेडूक? बदलून दे गो!" मी म्हटलं, बदलायचं नसतं. ती म्हणाली, मग मी तेल बोर्लीहून आणीन. दोन दिवस तिने खरंच माझ्याकडून काही नेलं नाही. तिसऱ्या दिवशी आली आणि म्हणाली, "लिव, तुज्या बेडकाला अर्धा किलो मसूर लिव."

मॅडमची एक अट फार कडक होती. दुकानातून आपल्याच घरात जे न्याल तेही नोंदवायचं. नाही तर हिशेब खोटा, असं त्या म्हणाल्या. मी म्हटलं, बाई, मी कुणाची सून आहे तुम्हाला माहीत नाही. आमच्याकडे मेहुण्याचं तिकीट फाडतात. आणि खरंच, घरात न्यायची मिरचीची पूडसुद्धा मी कंदिलावर बोट ठेवल्याशिवाय नेली नाही.

पुढचे काही आठवडे गावाने मजा आणली. पोरांना वेफर्स घेऊन देणाऱ्या आया आजूबाजूला बघून हळूच पुडी मागायला लागल्या, जसं काही मी चोरीचा माल विकते. एक म्हातारी बाई रोज ठणकावून सांगायची, "डाळ लिहिलीस का? दोनदा लिहिलीस तरी चालेल." कुणी परसातली आळूची पानं आणून दाखवायचं आणि म्हणायचं, हेही घाल, आम्ही भाजी खातो हे कळू दे त्यांना. मी सगळ्यांवर ओरडायची. विकलेलंच लिहायचं, मिरवलेलं नाही, असं कितीदा सांगितलं असेल.

सगळ्यात जास्त खूश आबा होते. दुपारी एक ते चार मी पडते, तेव्हा दुकानाच्या बाकावर ते बसतात. गिऱ्हाईक स्वतःच माल काढून घेतं, वजनाचं काही असेल तर मला उठवतात. त्यांनी मोबाइल हातात घेतला आणि म्हणाले, "मला शिकव." चित्रं त्यांना धड दिसत नव्हती. तपकिरी, पांढरं, पिवळं, असे नुसते डाग दिसायचे. म्हणून मी त्यांना जागा पाठ करून घेतल्या. वरून तिसरी ओळ, उजवीकडचा शेवटचा तपकिरी चौकोन म्हणजे टोस्ट. त्याखाली पांढरा गोल म्हणजे अंडं. घरांच्या निशाण्यांचंही तसंच. दोन दिवसांत त्यांना सगळं पाठ झालं. टिंग वाजलं की त्यांचा चेहरा फुलायचा. "तिकीट फाडल्यासारखं वाटतं बघ," असं ते म्हणाले.

रोज दुपारी चहाबरोबर दोन टोस्ट त्यांना डॉक्टरांनी चालतील म्हणून सांगितले होते. ते आधी टोस्टचे पैसे गल्ल्यात टाकायचे, मग कंदिलावर नोंद करायचे, मग खायचे. स्वतःच्या सुनेच्या दुकानात. मी कितीदा म्हटलं, आबा, पैसे कशाला? तर म्हणायचे, "मंग मेव्हन्याला काय सांगू?"

दुसऱ्यांदा आम्ही अलिबागला गेलो ते मोठ्या आशेने. नवऱ्याने रजा काढली होती. आबांनी नवा सदरा घातला होता. पहाटे निघालो, दिघीला लाँच घेतली, पुढे गाडी, आणि दवाखान्यात रक्त तपासलं तर साखर पहिल्यापेक्षाही वर. डॉक्टरांनी मला विचारलं, गोड काही देता का? मी ताडकन म्हटलं, घरात साखरेचा कण नाही. त्यांनी आबांकडे बघून मान हलवली. परत येताना लाँचवर आबा एका कोपऱ्यात बसून राहिले. जुने ओळखीचे खलाशी हाका मारत होते आणि ते आवाजाच्या दिशेने नुसतं हसत होते. धक्का जवळ आल्यावर म्हणाले, "बाय, आता आखेरचं एकदा. तिसऱ्यांदा परत पाठवलं तर मी पुन्यांदा न्हाय यायचा. ऱ्हाईन असाच."

माझ्या डोक्यात एकच प्रश्न घुमत होता. एवढं सगळं करून साखर वाढते कशी?

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी सहज मोबाइल उघडला. त्यात दिवसाची यादी बघता येते. दुपारची वेळ, निशाणी कंदील, चिक्की, दोन. आदल्या आठवड्याची यादी उघडली. दुपार, कंदील, चिक्की. दुपार, कंदील, चिक्की. रोज, न चुकता. आणि टोस्टची एकही नोंद नाही.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चाची आणि शेजारच्या दोघी बायका दुकानात उभ्या होत्या, आबा बाकावर होते. थोडं थांबून, आत नेऊन विचारावं एवढं भान मला राहिलं नाही. मी सगळ्यांदेखत म्हटलं, "आबा, आम्ही तुम्हाला घेऊन अलिबागपर्यंत हेलपाटे घालायचे आणि तुम्ही इथे रोज दुपारी चिक्की खायची?"

आबांनी माझ्या आवाजाकडे मान वळवली. "मी? मी न्हाय खाल्ली."

"मग हा मोबाइल खोटं बोलतो?"

त्यांनी माझ्या हातातून मोबाइल घेतला. मग हळूच म्हणाले, "नोंद हाय म्हनतेस?"

"आहे. रोजची आहे. कंदिलाच्या नावावर."

ज्या माणसाने जन्मभर नोंदीपुढे स्वतःच्या बायकोचंही ऐकलं नाही, तो काय बोलणार? त्यांनी मोबाइल चाचपडत गल्ल्यावर ठेवला, भिंतीला धरून उठले आणि आत गेले. चाची म्हणाली, "असं बोलू नको गो म्हाताऱ्याला." मी तिच्यावरही ओरडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बरण्या पुसायला घेतल्या. चिक्कीची बरणी हातात घेतली तर जड लागली. झाकण उघडलं. वर घातलेला कागद जसाच्या तसा होता. कागदाखाली चिक्की ठासून भरलेली, एक तुकडा हललेला नव्हता. शेजारची टोस्टची बरणी मात्र तळाला गेली होती.

मी मोबाइल घेतला आणि चित्रं नीट बघितली. मॅडम मागच्या फेरीला येऊन त्यात काही नवीन घालून गेल्या होत्या, आणि चित्रं एकेक चौकोन पुढे सरकली होती. मी बघून बोट ठेवायची म्हणून माझ्या ते लक्षातही आलं नव्हतं. वरून तिसरी ओळ, उजवीकडचा शेवटचा तपकिरी चौकोन. तिथे आता चिक्की होती.

आता खरं सांगते, कारण खरं सांगायचं नसेल तर हे लिहायचंच कशाला. मी तेव्हाच आत जाऊन, आबा माझं चुकलं, असं म्हणायला हवं होतं. तीन शब्दांचं काम. पण मी नाही म्हटलं. चारचौघांत बोलले होते, आणि आता चारचौघांत मान खाली घालायची या विचाराने माझी जीभच उचलेना. मी बरणीला झाकण लावलं आणि ती मागे सरकवली. दुपारी दुकान बंद ठेवायला लागले. आबा ओटीवर बसायचे. त्यांनी टोस्टही सोडले. चहा तेवढा प्यायचे, पूर्वीसारखाच तीनदा, आणि मी तो आणखी प्रेमाने करायची. गूळ जरा जास्तच पडायचा. न बोललेली माफी मी त्या कपात ओतत होते म्हणा ना.

महिन्याने बोर्लीला रक्त तपासलं. साखर तशीच, वरच. चिक्की नव्हती हे मला माहीत होतं, टोस्टही नव्हते. मग मी चाचीवर संशय घेतला. ईदेला तिच्याकडून शीरखुर्मा येतो, तशी ती गुपचूप काही खायला घालते का, असं तिला विचारलं. ती दोन दिवस दुकानात फिरकली नाही. या वेळी बेडकाचं कारण नव्हतं.

अशात मॅडम आल्या. पहिले तीन महिने पूर्ण झाले होते आणि जमवलेली माहिती लोकांना सांगायची होती. फणसाखाली सतरंजी टाकली, मी सगळ्यांना कोकम सरबत दिलं आणि नोंदवलं. बायका, काही पुरुष, रागावलेली चाचीसुद्धा येऊन बसली. आबा मागे ओटीवर होते. मॅडमनी मोठाले कागद काढले. त्यावर चित्रं आणि रंगीत पट्ट्या होत्या.

त्या म्हणाल्या, गावात अंडी चांगली खपतात, हे फार छान आहे. वेफर्सही फार खपतात, हे तितकं छान नाही. सगळ्या आया सतरंजीकडे बघायला लागल्या. मग त्यांनी एक पट्टी दाखवली. "बेडूक हे घर बघा. सगळ्या गावात डाळी सगळ्यात जास्त या घरात जातात. असं घर मला गावोगाव बघायला आवडेल." चाचीने पदर सावरला आणि चारी दिशांना बघितलं. त्या दिवसापासून ती आपल्या निशाणीविरुद्ध एक शब्द ऐकून घेत नाही.

"आणि दुसरं एक घर आहे," मॅडम म्हणाल्या. "कंदील."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी ताठ बसले. आमच्या घरात कसं जेवण होतं हे आता लोकांना कळणार म्हणून मी मनात खूशच झाले होते.

"या घरात माणसं तीन. आणि महिन्याला गूळ जातो चार किलो. गावात दुसऱ्या कुठल्याच घरात याच्या अर्धाही जात नाही. कुणाचं घर आहे ते मला माहीत नाही आणि मला सांगूही नका. पण त्या घरात कुणाला मधुमेह असेल तर त्यांनी हे ताबडतोब बंद करायला हवं. गूळ चालतो असं बऱ्याच जणांना वाटतं. चालत नाही. त्या आजाराला गूळ काय आणि साखर काय, सारखंच."

माझे कान तापले, मग चेहरा, मग सगळं अंगच. तीनदा गुळाचा चहा. खिरीत गूळ. घावनाबरोबरच्या नारळाच्या रसात गूळ. माझ्या हातांनी, उठल्यापासून निजेपर्यंत. आणि एकेक ढेप कंदिलावर बोट ठेवून, टिंग वाजवून नेलेली. ज्या चिक्कीसाठी मी त्या म्हाताऱ्याला सगळ्यांसमोर चोर ठरवलं ती बरणीत बंद होती, आणि चोर सतरंजीवर ताठ बसलेली होती.

चाची तोंड उघडणार एवढ्यात मागून ओटीवरून आबांचा आवाज आला. "म्याडम, त्या घरात च्या मात्र लई झकास होतो."

आधी चाची हसली, मग सगळेच हसले. मॅडमना काय झालं ते कळेना, पण त्याही हसल्या. मीही हसले, आणि हसता हसता माझे डोळे भरून आले ते मी सरबताचे पेले उचलण्याच्या निमित्ताने आत जाऊन पुसले. माझी लाज आबांनी एका वाक्यात झाकून टाकली होती. मी त्यांची भर दुकानात उघडी केली होती.

सगळे गेल्यावर मी मॅडमना कंदील कोणाचा ते सांगितलं. त्या बिचाऱ्या माझीच माफी मागायला लागल्या. मी म्हटलं, माफी राहू द्या, आबांना काय खायला घालू ते सांगा. त्यांनी माझ्यासमोर बसून सकाळपासून रात्रीपर्यंतचं सगळं लिहून दिलं. चहा बिनगोडाचा, घावनं कमी, नाचणीची भाकरी पण खीर नको, भाजी, डाळ, मासळी, आणि जेवून झाल्यावर रस्त्याच्या वळणापर्यंत चालणं.

पहिल्या दिवशीचा बिनगोडाचा चहा तोंडाला लावून आबा म्हणाले, "बाय, ह्यो च्या हाय का भांडी इसळल्यालं पानी?" पण प्याले. दुपारच्या चालण्याला चाची त्यांच्याबरोबर जायला लागली. ती वाटभर बोलायची, ते ऐकायचे. मी मोबाइल परत त्यांच्यापुढे ठेवला तर त्यांनी हात मागे घेतला. "डोळं होऊ दे आधी," म्हणाले. "पुन्हा कायतरी चुकीचं व्हायचं." तेव्हाही मला सांगता आलं असतं. तेव्हाही मी गप्प बसले. मी स्वतःला समजावलं की ऑपरेशन झालं की बोलू.

साखर हळूहळू उतरली. बोर्लीचा कागद घेऊन मी अख्ख्या गावात फिरले, पोरगं बोर्डात आल्यासारखी. तिसऱ्यांदा लाँचमध्ये बसलो तेव्हा आबांनी माझा हात पूर्ण वाटभर सोडला नाही. दवाखान्यात रक्त तपासलं, डॉक्टरांनी कागद बघितला आणि म्हणाले, "आता करू या." माझा नवरा, एवढा मोठा बाप्या, बाहेर जाऊन रडला.

आधी एक डोळा झाला, मग काही आठवड्यांनी दुसरा. आबा काळा चष्मा लावून गावात आले तेव्हा चाचीने शिट्टी वाजवली. थेंब घालणं, डोकं न भिजवणं, धुरापासून लांब राहणं, सगळं यथासांग पार पडलं. आणि एका दुपारी, मी दुकान बंद करायला निघाले तर आबा बाकावर येऊन बसले होते. "तू पड जा," म्हणाले. "मी हाय."

मी पडले नाही. दाराआड उभी राहिले.

रस्त्याच्या वळणावर चाची दिसली. अजून चांगली वीस-पंचवीस पावलं लांब होती. आबांनी हाक मारली, "चाची, ती हिरवी ओढनी नवीन का? कुवेतची दिसते!"

चाची रस्त्यातच थबकली. आबा तिला "कोण?" म्हणून विचारायचे, आणि ती "बेडूक" म्हणून सांगायची, असं कित्येक दिवस चालत आलेलं. तिने दोन्ही हात कपाळाला लावले. "या अल्ला, मी अजून तोंडसुदिक उघडलं न्हाय."

तिने टोस्ट मागितले. आबांनी बरणीतून काढून दिले, मोबाइल उचलला, वरून तिसऱ्या ओळीपर्यंत बोट नेलं आणि तिथेच थांबले. मोबाइल डोळ्यांजवळ आणला. लांब धरला. पुन्हा जवळ आणला.

"बाय," त्यांनी हाक मारली. मी बाहेर आले. "ह्ये टोस्ट न्हाय. ही चिक्की हाय. म्हंजे मी टोस्ट समजून रोज चिक्की दाबत होतो." त्यांचा चेहरा उतरला. "तवा तू बोललीस ते बरोबर होतं. नोंद माझीच चुकली. तुला उगाच तरास झाला, सगळ्यांम्होरं बोलायला लागलं."

ते माझी माफी मागत होते. चाची टोस्टची पिशवी हातात धरून उभी होती. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

"आबा," मी म्हटलं, "चित्रं सरकली होती. तुमची चूक नव्हती. आणि मला ते दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. चिक्कीची बरणी भरलेली होती. मी बघितली आणि गप्प बसले. इतके दिवस गप्प बसले. माझं चुकलं."

आबा माझ्याकडे बघत राहिले. किती दिवसांनी ते माझ्या आवाजाकडे नाही, माझ्याकडे बघत होते. मग त्यांनी योग्य चित्र शोधलं, टोस्टवर बोट ठेवलं, बेडकावर बोट ठेवलं. टिंग वाजलं. त्यांनी मोबाइल बाजूला ठेवला आणि बाकावर थोडे सरकले.

"बस हितं," म्हणाले.

मी बसले. चार वाजेपर्यंत रस्त्याने जो जो आला त्याला आबांनी लांबूनच नावाने हाक मारली, आणि मी त्यांच्या शेजारी बसून होते.